परसातली पाखरे आणि कॅमेरा

सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असे आपल्याकडे मानतात. पण हा पक्षी दिसून दिसून दिसतो तरी किती? कुंपणाच्या बुडाशी विटकरी पंख, लांब काळी शेपटी, आणि तेवढ्यात स्वारी झुडपात गडप! माझ्या घरामागे मेंदीचे कुंपण आहे. तिथे रोज पहाटे त्याचे 'कूप-कूप' घुमते. कॅमेरा घेतला त्या वर्षी मी त्याच्यामागे इतका धावलो, की अखेर माझ्याजवळ नुसत्या शेपट्यांचाच संग्रह झाला.

मग एक दिवस साधी गोष्ट ध्यानात आली. शेजाऱ्यांची म्हैस त्याच कुंपणाशी चरत होती आणि भारद्वाज तिच्यापासून चार हातांवर खुशाल किडे टिपत होता. तुम्ही शेतकरी मंडळी तर हे रोजच पाहता. गायबगळे गुरांच्या पायांत घोटाळतात, कोतवाल म्हशीच्या पाठीवर बसून सवारी करतो. पाखराला भीती वाटते ती आपल्या उभ्या आकृतीची, रोखलेल्या नजरेची आणि सरळ त्याच्याच दिशेने पडणाऱ्या पावलांची. शिकारी तसाच येतो ना!

विलायतेत रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी हे फार पूर्वी ओळखले होते. यॉर्कशायरच्या डोंगराळ मुलखातल्या शेतकरी घरातली ही मुले. 1892 साली त्यांनी अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले. पुढे तर त्यांनी बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून पोकळ बैलच उभा केला. एकाने कॅमेरा घेऊन त्याच्या पोटात शिरायचे आणि पाखरे जवळ येण्याची वाट पाहायची! आपला बैलपोळ्याचा मुलूख. पण ही युक्ती आपल्याला सुचली नाही.

मी बैल केला नाही. गोठ्याच्या दाराला गोणपाट टांगले, त्याला वीतभर भोक पाडले आणि समोर सात-आठ हातांवर पाण्याची परळ ठेवली. आठवडाभर कॅमेरा हातात धरलाच नाही. गोणपाट तिथलेच आहे, असे पाखरांना वाटू दिले. मग उजाडण्यापूर्वी आत जाऊन बसू लागलो. सूर्य पाठीशी येईल अशी जागा आधीच पाहिली होती. उजाडल्यावर जायची वेळ आली तर दोघांनी जायचे आणि एकाने बोलत-बोलत परत फिरायचे. पाखराला वाटते, माणूस गेला. हिशेबात ते कच्चे असते, असा जुन्या छायाचित्रकारांचा अनुभव आहे, आणि माझाही.

ज्यांच्याजवळ नुसता मोबाइल आहे त्यांनीही नाराज होऊ नये. आवाज बंद करून तो परळीजवळ दोन विटांच्या आडोशाला उभा करावा, चित्रण सुरू करावे आणि आपण चक्क घरात चहा प्यायला जावे. शिक्षकांनी शाळेमागे हे करून पाहावे. कोण कधी पाण्यावर येते याची मुलांकडून नोंद ठेवून घेतली, तर फोटो बिघडला तरी नोंद हातात राहते.

नवव्या दिवशी भारद्वाज आला. लालबुंद डोळा, चोचीवरून ओघळणारा थेंब! तो फोटो आईने देवघराशेजारी लावायला सांगितला. म्हणाली, "आता रोज सकाळी दर्शन."

इथवर सांगून थांबलो असतो तर बरे दिसले असते. पण त्या यशाने मी चढून गेलो. पुढच्या उन्हाळ्यात त्याच मेंदीत बुलबुलाने घरटे केले. आत तीन पिले, अजून डोळे न उघडलेली. वर्गात दाखवायला चित्र हवे होते आणि मध्ये एक फांदी येत होती. मी ती सुतळीने बाजूला बांधली. पाच मिनिटांत काम होईल म्हटले. आई-बाप यायला अर्धा तास लागला. चित्र सुरेख आले. त्याच वेळी आतून कोणी हाक मारली आणि मी सुतळी सोडायची विसरलो.

दुपारचे ऊन थेट घरट्यात पडत होते, आणि फांदी हलल्याने ते कुंपणावरच्या कावळ्यालाही उघडे पडले होते. चारच्या सुमारास मला सुतळी आठवली. घरटे रिकामे होते. बुलबुलाची जोडी चोचीत किडा धरून या फांदीवरून त्या फांदीवर नाचत होती. ती दुसऱ्या दिवशीही आली.

तेव्हापासून पाण्यावर, दाण्यावर, फुलावर येईल त्याचाच फोटो मी घेतो. घरटे दिसले की त्या बाजूची वाट सोडतो आणि जागा कोणाला सांगत नाही.

बुलबुलाचे ते चित्र मी वर्गात दाखवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पिले पुढे उडाली का, असे एका मुलीने विचारले, तेव्हा मी "हो" म्हणालो. त्या वर्गातली काही मुले आता खेड्यापाड्यांत शिक्षक आहेत. ती आज ऐकत असतील, तर खरे काय झाले ते त्यांना आता कळले.