इंग्रज कोणास म्हणावे?

विलायतेहून आलेला प्रत्येक गोरा मनुष्य इंग्रज, अशी मराठी बोलीची जुनी वहिवाट आहे. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन यांचीही गणना इंग्रजांतच होते. वस्तुतः हे दोघेही स्कॉटलंडचे, म्हणजे स्कॉटिश होत.

या घोटाळ्याचे मूळ राज्याच्या घडणीत आहे. वेल्स सोळाव्या शतकातच इंग्लंडच्या कायद्याखाली आले. १७०७ साली इंग्लंड व स्कॉटलंड एक होऊन ग्रेट ब्रिटनचे राज्य झाले. १८०१ साली आयर्लंड त्यास जोडले गेले आणि ‘युनायटेड किंग्डम’ हे नाव रूढ झाले. पुढे १९२२ साली आयर्लंडचा बहुतेक भाग वेगळा झाला. उत्तर आयर्लंड तेवढे राहिले. तेव्हा इंग्लंड हा त्या राज्याचा केवळ एक घटक होय.

एडिंबरोच्या गृहस्थास ब्रिटिश म्हणणे कायद्याने बरोबर. इंग्रज म्हणणे मात्र चूक. डब्लिनच्या मनुष्यास यांपैकी काहीच लागू नाही, तो आयरिश. वेल्सच्या लोकांची कथा तर अधिक बोचणारी. ‘वेल्श’ हे नाव त्यांना इंग्रजांच्या पूर्वजांनी दिले. त्याचा मूळ अर्थ ‘परका’. ते स्वतःस त्यांच्या भाषेत ‘कम्री’, म्हणजे देशबांधव, म्हणवितात.

मराठी मनुष्यास कोणी गुजराती म्हटले, तर तो तत्काळ दुरुस्ती करतो. तोच मान इतरांच्या नावांसही द्यावयास हवा.