चूक अर्जदाराची कीं अर्जाची?

श्रोतेहो, सरकारी कचेरींतून एखाद्याचा अर्ज परत आला, कीं आपण सहज म्हणतों, "बिचाऱ्याला अर्ज भरतां येत नाहीं." परंतु एकाच रकान्यांत शेंकडों माणसें चुकत असतील, तर दोष कोणाचा? शिक्षकाचा अनुभव असा, कीं सगळा वर्ग एकाच प्रश्नाशीं अडला, तर प्रथम प्रश्नाची भाषा तपासावी.

१९५१-५२ सालीं आपल्या देशांत पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार १७ कोटींहून अधिक होते आणि त्यांतील बहुसंख्यांस अक्षरओळख नव्हती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखालीं प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेविली गेली व तिजवर त्याचें चिन्ह लाविलें गेलें. मतदारानें मतपत्रिका हव्या त्या पेटींत टाकावी, एवढेंच काम. लेखणी हातीं धरण्याची गरजच उरली नाहीं.

तरी त्याच निवडणुकींत एक उणीव राहिली. असंख्य भगिनींनीं परक्या माणसास स्वतःचें नांव न सांगतां 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची आई' एवढेंच सांगितलें. अशा सुमारें २८ लक्ष स्त्रिया मतदारयादींतून वगळल्या गेल्या. प्रत्येकीचें स्वतंत्र नांव असावें, हा आग्रह योग्यच होता. परंतु तें कोणीं व कसें विचारावें, हाहि व्यवस्थेचाच भाग नव्हे काय?

आजचें उदाहरण घ्या. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास दरवर्षीं हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ सालीं 'जीवन प्रमाण' योजनेनें तो बोटांच्या ठशांवरून वा डोळ्यांच्या बुबुळांवरून देण्याची सोय झाली. सोय मोठी खरी. पण वार्धक्यानें व कष्टानें ठसे झिजतात आणि जिवंत माणूस समोर असतां यंत्र त्यास ओळखीत नाहीं! २०२१ सालीं चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय निघाली, तेव्हां अशा वृद्धांस आणखी एक मार्ग मिळाला.

म्हणून नवा अर्ज छापण्यापूर्वीं अधिकाऱ्यांनीं तो एखाद्या मोलकरणीस, एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास समोर बसवून भरावयास द्यावा. मध्यें बोलूं नये. तीं कोठें थबकतात तें टिपावें आणि तेथें अर्ज बदलावा. आपणहि, श्रोतेहो, शेजाऱ्याचा अर्ज भरून द्याल, तेव्हां तो कोठें अडला होता, तें दोन ओळींनीं कचेरीस अवश्य कळवावें.