लहान पेटी, मोठे काम
(हस्तव्यवसायविषयक भाषण)



सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी लाकडी खेळण्यांसाठी व गंजिफांसाठी प्रसिद्ध आहे. दशावतारी गंजिफांच्या संचात १२० गोल पत्ते असतात. त्यांतील एक जरी हरवला वा ओलाव्याने वाकला, तरी संच निकामी होतो. म्हणूनच त्यांना सरकत्या झाकणाची रंगीत लाकडी पेटी लागते. शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांच्या प्रयत्नांनी १९७०च्या दशकात या कलेला नवजीवन लाभले.

अशी पेटी घडविण्यास कारखाना लागत नाही. घराची पडवी, बारीक दातांची करवत, रंधा, पटाशी, गुण्या व कानस एवढे पुरे. समोरासमोरच्या दोन फळ्या एकत्र धरून कापाव्यात, म्हणजे मापात फरक पडत नाही.

खरी कसोटी झाकणाची. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही. रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. वैशाखात घट्ट बसविलेले झाकण आषाढात अडकते. यास्तव लाकूड पुरते वाळलेले घ्यावे, झाकणाचे तंतू लांबीच्या दिशेने ठेवावेत आणि खाचेत किंचित जागा सोडावी.

अडकणारी पेटी घेतलेले गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. तेव्हा शिक्षकांनी कार्यानुभवाच्या तासाला गावच्या सुतारास सन्मानाने बोलवावे. पंचायतींनी त्यास लाकूड साठविण्यापुरती कोरडी जागा मिळवून द्यावी. सुताराची मुले हा व्यवसाय धरतील की सोडतील, हे अशाच लहान गोष्टींवर ठरणार आहे.