मेघांची वार्ता वैमानिकापर्यंत

(लोणार येथील नागरिक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



मुंबई आणि नागपूर ही दोन शहरे नकाशावर सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा आपल्या लोणारच्या थोडी उत्तरेकडून जाते. वैशाखातल्या एखाद्या दुपारी याच आकाशात तासाभरात मेघांचे डोंगर उभे राहतात. खाली शेतकरी खळ्यावरचे धान्य झाकण्यासाठी धावपळ करतो. त्याच वेळी दहा किलोमीटर उंचीवरचा वैमानिक त्याच मेघाला टाळून जाण्याची वाट शोधीत असतो. दोघांनाही एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे वेळेवर मिळालेली सूचना. ही सूचना वैमानिकापर्यंत कशी पोहोचते आणि वाटेत ती कोठे अडते, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

रडारचे डोळे

विहिरीत तोंड घालून हाक मारली की प्रतिध्वनी ऐकू येतो. रडारचे तत्त्व तेच आहे. ते आकाशात रेडिओलहरींचे स्पंद सोडते. पावसाच्या थेंबांवर व गारांवर आपटून त्यातील काही अंश परत येतो. परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर आणि प्रतिध्वनीच्या बळावरून पावसाचा जोर कळतो. डॉप्लर रडार याच्या पुढे जाऊन ते थेंब रडारकडे येत आहेत की दूर जात आहेत, हेही सांगते. त्यावरून ढगातील वाऱ्याचा अंदाज बांधता येतो.

आपल्या देशात वादळांचा वेध घेणारे रडार १९५४ साली कलकत्त्याच्या डमडम विमानतळावर बसविण्यात आले. त्याची पहिली जागा विमानतळ असावी, हे सूचक आहे. भारतातील पहिले डॉप्लर हवामान रडार २००२ साली चेन्नईत उभे राहिले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईपाशी असे रडार नव्हते. पुढे कुलाब्यास ते आले आणि जानेवारी २०२२ मध्ये वेरावली येथे दुसऱ्या रडारचे उद्घाटन झाले. विदर्भाचे आकाश नागपूरचे रडार पाहते.

तीन पडदे, तीन दृश्ये

सामान्य माणसाची अशी समजूत असते, की विमानतळावर एक मोठे रडार असते आणि त्यात सर्व काही दिसते. वस्तुस्थिती निराळी आहे. आकाशातील एकाच ढगाकडे तीन ठिकाणांहून पाहिले जाते.

पहिला पडदा हवामान खात्याचा. तो दूरवरचे आणि सविस्तर दाखवितो. परंतु सर्व उंचींवरून एक फेरी पूर्ण करण्यास अशा रडारला साधारणपणे दहा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात ताशी ८०० किलोमीटर वेगाचे विमान १३० किलोमीटर पुढे गेलेले असते.

दुसरा पडदा हवाई वाहतूक नियंत्रकाचा. त्याचे रडार विमाने पाहण्यासाठी बांधलेले असते. पाऊस हा त्याच्या दृष्टीने कचरा. तो पडद्यावरून जितका पुसला जाईल तितके विमान स्पष्ट दिसते. विमानांतील अंतर राखणाऱ्या या माणसाला त्यांच्या पुढ्यातील मेघ मात्र अंधूक दिसतो, किंवा दिसतच नाही. पावसाचे चित्र त्याला निराळी सोय करून पुरवावे लागते.

तिसरा पडदा वैमानिकासमोरचा. विमानाच्या नाकात बसविलेले छोटे रडार सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरते. ते समोरचा मेघ त्याच क्षणी दाखविते. पण या आखूड लहरी मुसळधार पावसात शोषल्या जातात. दाट पावसाच्या भिंतीमागे काय आहे, हे त्यांना कळत नाही.

१९७७ चा धडा

या उणिवा एकत्र आल्या म्हणजे काय होते, हे ४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेत दिसले. हंट्सव्हिलहून अटलांटाकडे निघालेले सदर्न एअरवेजचे डीसी-९ विमान जॉर्जिया राज्यात एका प्रचंड गडगडाटी वादळात शिरले. पाणी व गारा यांच्या माऱ्याने दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी एका रस्त्यावर विमान उतरविण्याचा प्रयत्न केला. विमानातील ६३ व जमिनीवरील ९ अशा ७२ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या.

चौकशीत निष्पन्न झालेली गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्या वादळाची तीव्रता जमिनीवरील हवामान रडारांना दिसत होती. परंतु ती ताजी माहिती वैमानिकांपर्यंत पोहोचविणारी व्यवस्था कंपनीपाशी नव्हती आणि नियंत्रण यंत्रणेपाशीही पुरेशी नव्हती. वैमानिकांनी स्वतःच्या पडद्यावर विसंबून वाट काढली, आणि त्या पडद्याला भिंतीपलीकडचे दिसत नव्हते. ज्ञान होते, ते योग्य जागी नव्हते. यानंतर, १९७८ पासून, अमेरिकेतील मार्गनियंत्रण केंद्रांतच हवामानतज्ज्ञ बसविण्यास प्रारंभ झाला.

आपणही निर्धास्त राहावे अशी स्थिती नाही. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेले प्रवासी विमान खाली उतरताना वादळी हवेत सापडले व अनेक प्रवासी जखमी झाले.

लोणारच्या आकाशात

आता आपल्या गावाकडे वळू. नागपूरपासून लोणार सरळ अंतराने सुमारे २९० किलोमीटर आहे. रडारचा किरण क्षितिजापासून अवघा अर्धा अंश वर रोखला, तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे तो दूर जाईल तसा जमिनीपासून उंच होत जातो. लोणारवर येईतो तो सुमारे साडेसात किलोमीटर उंचीवर असतो. ढगाचा माथा त्याला सापडतो. पोटातला पाऊस आणि तळाशी सुटलेला वारा त्याच्या खालून निसटतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने विदर्भ-मराठवाड्याचे केवढे नुकसान केले, हे येथे सांगण्याची गरज नाही. गार ढगात वाढत असतानाच तिची चाहूल लागावी, तर रडारे जवळजवळ हवीत. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये २,००० कोटी रुपयांच्या 'मिशन मौसम' या योजनेस मंजुरी दिली. रडारांचे जाळे दाट करणे हा तिचा एक भाग आहे. त्याचा लाभ वैमानिकाला होईल तितकाच बांधावरच्या शेतकऱ्यालाही होईल.

वार्ता दोन्ही बाजूंनी

मात्र रडारे वाढली म्हणजे काम संपले, असे नाही. तीव्र वादळापासून सुमारे ३७ किलोमीटर दूर राहावे, असा वैमानिकांसाठी संकेत आहे. तो पाळायचा तर वळण्याची परवानगी नियंत्रकाकडून आधीच मिळावी लागते, आणि नियंत्रकाला त्या मागणीचे कारण समजावे लागते. जोराचे हादरे वा गारा अनुभवणाऱ्या वैमानिकाने ते तत्काळ नियंत्रकाला कळवावे आणि ती वार्ता मागून येणाऱ्या विमानांना व हवामान कार्यालयाला मिळावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. या साखळीत प्रत्येक कडी माणसाची आहे. एकाने सांगायचे टाळले, की पुढचा आंधळा होतो.

येथे जमलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या हवामानतज्ज्ञ होईल, कोणी नियंत्रक, कोणी वैमानिक. त्यांनी एवढे ध्यानी ठेवावे, की आपल्या पडद्यावर दिसणारी गोष्ट दुसऱ्याला दिसत असेलच, असे गृहीत धरू नये. ती त्याला सांगावी, वेळेत सांगावी, त्याला समजेल अशा शब्दांत सांगावी.