हातांनी बोलणारं लेकरू



नांदेड असो, उदगीर असो की औसा…
लेकरू रांगायला लागलं, की आजी त्याला टाटा करायला शिकवते.
बोल फुटायच्या आधीच त्याचे हात बोलायला लागतात.

ज्या लेकराला ऐकू येत नाही,
त्याला तर ही हातांची भाषा
पहिल्या वर्षापासूनच मिळायला हवी.

कशी द्यायची?
लेकराच्या समोर बसा.
त्यानं तुमच्याकडे पाहिलं, की मगच खूण करा.
पाचही बोटांची टोकं जुळवा, ओठांजवळ न्या…
"जेवायचं?"
आणि मग घास भरवा.
रोज, प्रत्येक जेवणाला, तीच खूण.

खुणा केल्या तर मूल बोलणारच नाही,
असं बरेच जण सांगतात.
ते खरं नाही.
श्रवणयंत्र बसवलं, तरी खुणा चालू ठेवा.
भाषेवाचून गेलेली पहिली वर्षं भरून काढणं फार अवघड जातं.

२०१५ साली दिल्लीत
भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं.
त्यांच्या शब्दकोशाचे व्हिडिओ मोबाइलवर मोफत पाहता येतात.
ते सगळ्या घरानं पाहावेत. वडिलांनीसुद्धा!

आणि मागून टाळी वाजवली तरी लेकरू वळत नसेल,
तर "बोलेल उशिरा" म्हणून थांबू नका.
अंगणवाडीताईंना सांगा.
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं.
ते पुढच्या तपासणीला पाठवतं.

कानांची तपासणी लवकर करा…
हातांची भाषा मात्र आजपासूनच सुरू करा.