निकोडेमस : फुकट जमीन आणि न आलेली आगगाडी



जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केला. मुक्त झालेल्या त्या माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. कान्सस राज्याच्या गवताळ मैदानात १८७७ साली वसलेले निकोडेमस हे गाव त्याचे एक उत्तर आहे. हॉलिवूडच्या चित्रपटांत अशा सरहद्दीवरील गावांत पिस्तुले झाडणारे घोडेस्वार तेवढे असतात. फावड्याने जमीन उकरणारे काळे शेतकरी त्यांत सहसा दिसत नाहीत.

दास्य कायद्याने गेले, पण जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. त्यातच १८७७ मध्ये दक्षिणेकडील काळ्या नागरिकांना संघराज्याच्या सैन्याचे उरलेसुरले संरक्षणही संपले. त्याच वर्षी डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-व्यापारी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे काळे धर्मोपदेशक यांनी सॉलोमन नदीकाठी गाव वसविण्यासाठी कंपनी काढली. केंटकीत पत्रके वाटली गेली : पाच डॉलर भरा आणि कान्ससला चला. १८६२ च्या कायद्यान्वये जो कुटुंबप्रमुख पाच वर्षे राहून जमीन कसेल, त्याला १६० एकर मिळणार होते. ही जमीन ‘मोकळी’ होती, कारण मूळ रहिवाशांना तेथून आधीच हुसकावून लावले होते. कायद्याच्या उदारपणाची चर्चा करताना ही बाब सोयीस्करपणे वगळली जाते.

सप्टेंबर १८७७ मध्ये सुमारे तीनशे माणसांचा तांडा आला. एलिस स्थानकापर्यंत आगगाडी होती. तेथून पुढे पस्तीस मैल चालावे लागले. १८७८ च्या वसंतात विलियाना हिकमन ही तरुणी पतीसह पोहोचली, तेव्हा तिला गाव दिसेचना. पतीने बोट दाखविले, तिकडे जमिनीतून धूर निघत होता. लाकूड दुर्मिळ असल्याने माणसे जमिनीत बिळे खोदून राहत होती. ते पाहून तिला रडू कोसळले. ही आठवण तिनेच पुढे सांगून ठेवली आहे. पत्रकात रंगविलेले चित्र आणि ही बिळे यांतील अंतर पाहून कित्येक कुटुंबे माघारी फिरली.

जमीन फुकट होती, पण बैल, नांगर, बियाणे आणि पहिले पीक हाती येईपर्यंतचे धान्य फुकट नव्हते. हंगाम टळलेला, जनावरे मोजकी. पुष्कळांनी फावडे-कुदळीने माती उकरली. पहिल्या हिवाळ्यात ओसेज जमातीच्या शिकाऱ्यांनी आपल्या शिकारीतले मांस दिले, असे गावात परंपरेने सांगतात. ज्यांची जमीन गेली, त्यांनीच ती घेणाऱ्यांना जगविले!

तरीही गाव उभे राहिले. शाळा, चर्च, हॉटेल, पोस्ट, दुकाने झाली. १८८६-८७ मध्ये दोन वृत्तपत्रेही निघाली. येथे स्थायिक झालेले एडवर्ड मॅकेब १८८२ साली कान्ससचे राज्य-लेखापाल म्हणून निवडून आले. मतपेटीची सत्ता अशी हाती येत होती. रुळांची सत्ता मात्र दूरच्या कंपन्यांकडे होती, आणि मैदानी मुलखात धान्य बाजारापर्यंत पोहोचविणारा मार्गच गावाचे भवितव्य ठरवी.

हे ओळखून १८८७ मध्ये निकोडेमसच्या मतदारांनी मिसूरी पॅसिफिक रेल्वेसाठी सोळा हजार डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. मातीत राबणाऱ्यांनी रेल्वे कंपनीला देऊ केलेले हे अनुदान होते. सार्वजनिक जमिनींची खिरापत ज्यांनी आधीच खाल्ली होती, त्या धंद्याला! मिसूरी पॅसिफिक आलीच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने रूळ टाकले, तेही नदीच्या पलीकडे, काही मैलांवर. तेथे बोग हे नवे गाव उठले आणि निकोडेमसचे दुकानदार तिकडे गेले. वृत्तपत्रे बंद पडली. मॅकेब ओक्लाहोमाकडे वळले आणि लँग्स्टन हे काळ्यांचे दुसरे नगर उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला.

बाजारपेठ म्हणून निकोडेमस संपले, पण वस्ती संपली नाही. व्यापाऱ्याला दुकान हलविता येते. ज्याच्या नावे १६० एकरांचा पट्टा झाला आहे, तो जागचा सहजी हलत नाही. अनेक कुटुंबे कोरडी वर्षे सोसत जमिनीला धरून राहिली. १९९६ साली हे गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ घोषित झाले. वेस्ट इंडीजमधील दास्यमुक्तीचा स्मृतिदिन तेथे पूर्वापार साजरा होई. आता त्याच सुमारास, जुलैच्या अखेरीस, दूरच्या शहरांत पांगलेले वंशज दरवर्षी गावी जमतात.