चालतं खरं, पण टिकतं किती?

आम्ही अनसिंगच्या बचत गटांतून बोलतोय.

मागं आमच्या एका गटानं कर्ज काढून मसाला कांडायचं यंत्र घेतलं. दाखवताना झकास चाललं, पण वर्षाच्या आत बंद पडलं. हप्ते मात्र चालूच राहिले. तेव्हापासून नवी वस्तू दिसली की आम्ही आधी विचारतो, टिकेल किती? आज हाच प्रश्न हायड्रोजनच्या बसला विचारू.

21 ऑगस्ट 2022 रोजी पुण्यात देशी बनावटीची हायड्रोजन फ्यूएल सेल बस लोकांसमोर आली. केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था, दोघांनी मिळून ती तयार केली. फ्यूएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज तयार होते. धूर नाही, मागं उरतं ते पाणी.

हे काम घडवून आणतं प्लॅटिनम. ते फार महाग, म्हणून त्याचे अतिबारीक कण काजळीसारख्या कार्बनवर पसरतात. असे अडीच लाख कण ओळीनं मांडले तरी जेमतेम 1 मिलिमीटर भरेल.

खरी अडचण इथंच आहे. ओल लागलेल्या रव्याच्या गुठळ्या होतात, तसे हे कण हळूहळू एकमेकांना चिकटतात. काही विरघळतातही. शिवाय गाडी बंद असताना हायड्रोजनच्या बाजूला हवा शिरते. पुन्हा सुरू करताना विजेचा दाब चढतो आणि खालचा कार्बनच झिजतो. भिंत ढासळली की गिलावा कुठं राहणार?

उपाय काय? कार्बन खूप तापवून पेन्सिलीच्या शिशासारखा केला, तर तो कमी झिजतो. पण गुळगुळीत फरशीवर सारवण धरत नाही, तसं त्यावर प्लॅटिनमही नीट धरत नाही. म्हणून कार्बनमध्ये थोडा नायट्रोजन मिसळून कणांना पकड देतात. मग प्रयोगशाळेत विजेचा दाब हजारो वेळा वर-खाली करून ते किती तग धरतं, हे तपासतात.

मैत्रिणींनो, शास्त्रज्ञसुद्धा एकदा चाललं म्हणून खूश होत नाहीत. मग आपण का व्हावं? पुढच्या वेळी गटाच्या पैशातून यंत्र घेताना तीन गोष्टी विचारू. किती तास चालवून पाहिलं? रोज चालू-बंद करून पाहिलं का? झिजणारा भाग कोणता आणि तो कुठं मिळतो? उत्तरं कागदावर लिहून घेऊ, मगच ठरावावर सही करू.